घड्याळजीची बाजू

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज एका धडधाकट कादंबरीचे मी पाच तुकडे केले. बायकोचा हुकूम. वाचन मंडळात माणसं पाच आणि कादंबरीची प्रत एक. प्रकाशकाने दुकान केव्हाच बंद केलंय, दुसरी प्रत कुठे मिळत नाही. एकाने महिनाभर पुस्तक अडवून ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडायची, असं मागच्या तीन पुस्तकांना झालं. तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही बाइंडर ना? मग उसवा. पाच गठ्ठे करा, दर शनिवारी फिरवू. सगळ्यांचं वाचून झालं की पुन्हा शिवा."

मी म्हटलं, अगं, पण चौघांना गोष्ट मधूनच सुरू करावी लागेल. त्यावर ती म्हणाली, "सिनेमाला तरी आपण कधी वेळेवर पोचलोय?" यावर मी गप्प बसलो. तसा मी वाद घालतच नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात एकदाही घातलेला नाही, कोणालाही विचारा.

तर शिलाई कापली, पाठीवरची वाळलेली खळ ओल्या फडक्याने भिजवली आणि पुस्तक सोडवलं. सोळा-सोळा पानांचे वीस फर्मे निघाले. चार फर्म्यांचा एक गठ्ठा, वर जाड कागद, कागदावर आकडा. पाठीच्या आत अस्तर म्हणून कुठला कागद चिकटवलाय तेही पाहिलं. वर्तमानपत्राचा तुकडा होता. ही माझी जुनी खोड आहे.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी आठवड्यातून तीन दिवस मी ग्रंथालयाच्या तळघरात जुनी पुस्तकं दुरुस्त करायला जातो. काम सुटत नाही, असं लोकांना सांगतो. ही वहीसुद्धा तिथलीच. रेघा वाकड्या आल्या म्हणून कोणी घेतली नाही. मंडळात मला बोलायला मिळत नाही, तेव्हा इथे बोलीन म्हणतो.

शनिवार, ६ सप्टेंबर

मंडळ भरतं दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. भिंतीवर किडलेल्या दाढेचं चित्र आहे. तिच्यासमोर बसून आम्ही साहित्यावर बोलतो. डॉक्टरीणबाईंना दिवसभर अशीच माणसं भेटतात ज्यांना तोंड उघडं असूनही बोलता येत नाही, त्यामुळे बोलायची सवय फक्त त्यांना आहे. बाकी गणिताच्या बाई, ज्या कवितेतही चूक की बरोबर एवढंच बघतात. निवृत्त पोस्टमास्तर, जे चहाचा कपसुद्धा सही करून घेतल्यासारखा घेतात. आणि आम्ही दोघं.

कादंबरी बायकोने निवडली. कुठून शोधून काढली कोण जाणे. एरवी ती खुनाच्या गोष्टी वाचते आणि दहाव्या पानावर खुनी सांगते. ही मात्र हरवलेल्या प्रेमाची आहे: सरकार कोसळतं, शहरात संचारबंदी लागते आणि त्या गोंधळात दोघांची ताटातूट होते. कादंबरीचं नाव लिहीत नाही, ते कोणालाच आवडलेलं नाही.

गठ्ठे तिनेच वाटले. आम्ही गोल बसतो, प्रत्येकाने वाचलेला गठ्ठा उजवीकडच्याला द्यायचा. माझ्या डावीकडे पोस्टमास्तर, उजवीकडे बायको. मला दुसरा गठ्ठा आला, तिला पहिला. घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं की पाचांत एकटी बायकोच कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचणार आहे, आणि तिला प्रत्येक पुढचा गठ्ठा मिळणार तो माझ्याच हातून. नशीबवान बाई आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

पहिली चर्चा. एवढा सावळा गोंधळ मी ग्रंथालयाच्या वार्षिक सभेतही पाहिलेला नाही.

गणिताच्या बाईंनी पाचवा, म्हणजे शेवटचा गठ्ठा वाचलेला. त्या म्हणाल्या, "म्हातारीचं पात्र चांगलं आहे." बायकोने विचारलं, "कुठली म्हातारी? ती वीस वर्षांची आहे." डॉक्टरीणबाईंनी चौथा वाचलेला. त्यांच्याकडे ती पन्नाशीची होती आणि घड्याळं फोडत होती. मी दुसरा वाचलेला. माझ्याकडे नायक अठ्ठेचाळीस पानं भाषण करतो. कामगारांसमोर करतो, विद्यार्थ्यांसमोर करतो, नायिकेला भेटला की तिच्यासमोरही करतो. सरकार पडायचं कारण मला तरी समजलं.

पोस्टमास्तर मात्र आल्यापासून धुमसत होते. त्यांनी तिसरा वाचलेला. शेवटी म्हणाले, "एका माणसाने विश्वासाने पत्र दिलं. तिला द्या म्हणून दिलं. आणि त्या नीच माणसाने ते दाबून ठेवलं. चाळीस वर्षं मी टपाल वाटलं. पुरात वाटलं, संपात वाटलं. असल्या माणसाला भर चौकात उभा करायला पाहिजे."

"कोणत्या माणसाने?" मी विचारलं.

"घड्याळजीने. वाचा आता, येईलच तुमच्याकडे." आणि त्यांनी तिसरा गठ्ठा माझ्या मांडीवर आपटला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

वाचला. पोस्टमास्तर जरा अतिरेक करतात. घड्याळजीला एवढं धारेवर धरायचं कारण नाही. गरीब माणूस, दुकानात मान खाली घालून बसलेला, रोज ती समोरून जाते. संचारबंदीच्या आदल्या दिवशी नायक येतो, घडी घातलेला कागद देतो आणि म्हणतो, हे तिच्या हातात द्या, उद्या पहाटे पुलावर यायला सांगितलंय. त्याने ते पत्र दिलं नाही. एवढंच.

आज जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हटलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

याबद्दल लिहायचं नाही असं तीन दिवस ठरवत होतो. पण वही माझी, रेघा वाकड्या, आणि वाचणार कोणी नाही. तेव्हा लिहून टाकतो.

छत्तीस वर्षांपूर्वी आमच्याकडेही सरकार पडलं आणि अकरा दिवस संचारबंदी लागली. बायको तेव्हा माझी कोणी नव्हती. ती वर देवघेवीच्या टेबलावर पुस्तकांच्या नोंदी करायची, मी खाली तळघरात खळ ढवळायचो. एक तरुण तिच्याकडे रोज पुस्तक बदलायला यायचा. संपवाल्यांचा पुढारी. देखणा, दाट केसांचा, बोलायला लागला की टेबलावरचे पेपर उडायचे. रोज एक पुस्तक कोणी वाचत नसतं, हे मलाही कळत होतं.

संचारबंदी लागली त्या दुपारी वरचं टेबल बंद झालेलं, बाहेरच्यांना वर सोडत नव्हते. तो तळघरात उतरला. माझ्या हातात घडी घातलेला कागद ठेवला, म्हणाला, "एवढं तिला द्या, आजच. बाइंडरदादा, तुमच्यावर भरवसा आहे." आणि गेला. मी उघडून वाचला नाही. वाचायची गरज नव्हती, त्याच्या पाठीवर सामानाची पिशवी होती.

ती वर नोंदी आवरत होती, वीस पावलांवर. जिना चढलो असतो तर दिला असता. मी समोर शिकंज्यात धरलेल्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावली आणि तो कागद अस्तर म्हणून चिकटवला. वर कापड ओढलं. हात आपोआप चालले असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. कागद जास्त रुंद होता, मी तो मापाने कापला.

सहा महिन्यांनी माझ्या थोरल्या भावाने तिच्या वडिलांकडे शब्द टाकला आणि लग्न झालं. कागद कुठल्या पुस्तकात गेला ते माहीत नाही. त्या आठवड्यात चाळीस पुस्तकं बांधली होती. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक जुन्या पुस्तकाची पाठ मी उघडून बघतो. काम सुटत नाही ते यामुळे.

आता परवा हा गठ्ठा मी माझ्या हाताने बायकोला द्यायचा आहे. तिला ते दिवस आठवणारच. मग ती विचार करायला लागेल. आणि विचार करायला लागली की ती दहाव्या पानावर खुनी सांगते. या वयात ती मला सोडून जाईल असं नाही. पण माझ्याकडे बघेल, आणि ते बघणं मला सोसणार नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

मी घड्याळजीची बाजू घेतली. कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

म्हटलं, त्याचंही मन बघा. नायक तिला परमुलखात घेऊन जाणार, खायचे वांधे, मागे पोलीस. घड्याळजीने एका अर्थी तिला वाचवलंच. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "तिला वाचवायचं की नाही हे तिला विचारलं होतं का?" पोस्टमास्तर उठून उभेच राहिले. "तुमच्यासारख्या सरळ माणसाने हे बोलावं?" त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

बायको मान खाली घालून लिहीत होती. ती मंडळाची टिपणं लिहिते. घरी आल्यावर मी चोरून पाहिलं, माझं भाषण तिने शब्दन् शब्द उतरवून घेतलंय. एरवी माझ्या नावापुढे "सहमत" एवढंच असतं.

तिसरा गठ्ठा दिला तिला. तिने पिशवीत टाकला आणि वाटेत साबण घ्यायची आठवण केली.

बुधवार, २४ सप्टेंबर

बायको खिडकीत बसून तिसरा गठ्ठा वाचत होती, मी कपड्यांना इस्त्री करत होतो. एकच शर्ट मी चार वेळा केला. पानं उलटताना तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मधेच म्हणाली, "घड्याळजीने पत्र उघडून वाचलं असेल का हो?"

"नसेल. तसला माणूस नाही तो."

"तुम्हाला बरं ठाऊक."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "जपून तरी ठेवलं असेल का?" मी म्हटलं, पुढच्या गठ्ठ्यात येईल. ती म्हणाली, "हो ना. तुमच्याकडेच आहे तो." आणि चहा मागितला. तिला काही संशय आलेला नाही, एवढं नक्की. माझ्या हाताखालचा शर्ट मात्र जळला.

चौथा गठ्ठा मी तळघरात बसून वाचलाय. त्यात घड्याळजीच्या दुकानात ते पत्र सापडतं. नायिका पन्नाशीची झालेली. ती त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं एकेक करून फोडते आणि एक शब्दही न बोलता निघून जाते. हा गठ्ठा मी तिला देणार नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

चौथा गठ्ठा शिकंज्यात दोन फळ्यांमध्ये घालून ठेवला आणि मंडळात रिकाम्या हाताने गेलो. म्हटलं, खळीचं भांडं कलंडलं, पानं चिकटली, सुटायला महिना लागेल.

बायको म्हणाली, "चाळीस वर्षांत तुमच्या हातून खळीचा थेंब सांडलेला नाही."

"म्हातारा झालो," मी म्हटलं. गणिताच्या बाईंना माझी कीव आली. डॉक्टरीणबाईंनी हात थरथरतात का म्हणून विचारलं.

पण हे पुस्तक पाच जणांत फिरतंय, ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. "काळजी करू नका वहिनी," पोस्टमास्तर म्हणाले, "मी वाचलाय तो. सांगतो." आणि चौसष्टच्या चौसष्ट पानं त्यांनी तोंडी सांगितली. पत्र कुठल्या खणात सापडलं, कसं सापडलं, किती घड्याळं फुटली. राहिलेलं डॉक्टरीणबाईंनी भरलं, काचांसकट. मी किडलेल्या दाढेकडे बघत बसलो.

मग शिक्षेवर चर्चा घसरली. पोस्टमास्तरांचा चौक ठरलेलाच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घड्याळं फोडली ते बरोबर. गणिताच्या बाई म्हणाल्या, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने कमी आहे. बायकोने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी असते तर काहीच केलं नसतं. त्याला काहीच बोलले नसते. रोज दोन वेळा जेवायला वाढलं असतं आणि काही बोलले नसते."

पोस्टमास्तर म्हणाले, "ही कसली शिक्षा?"

"बघा ना तुम्हीच," ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. मलाही तो मुद्दा कळला नाही. घरी येताना ती अगदी खुशीत होती.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज दुपारी बायको तळघरात आली. निवृत्त झाल्यापासून तिने तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं. इकडे तिकडे बघितलं, खुर्ची पुसली, बसली नाही. सरळ शिकंज्यापाशी गेली, त्याचं चाक फिरवलं आणि फळ्यांमधून चौथा गठ्ठा काढला. कोरा करकरीत. खळीचा डाग नाही.

"दुसऱ्यांदा," ती म्हणाली.

मी हातातला ब्रश खाली ठेवला. स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. कागद, खळ, मापाने कापलेली कड, सगळं. छत्तीस वर्षं डोक्यात घोळवलेलं बोलायला चार मिनिटं लागली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. म्हटलं, मी तुझं आयुष्य चोरलं.

तिने गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, "तो आला होता."

"कोण?"

"कोण काय? तिसऱ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठली ना, तेव्हा आमच्या मागच्या दाराशी आला. म्हणाला, पत्र मिळालं ना, बाइंडरकडे दिलं होतं. मी म्हटलं, मिळालं."

"मिळालं म्हणालीस?"

"मग काय सांगू? नाही म्हटलं असतं तर तो तुमच्याकडे आला असता. भांडण झालं असतं, आणि तुम्हाला भांडता येत नाही." तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. "दोन तासांतला पाऊण तास तो बोलला. देशाचं काय होणार, आमचं काय होणार, मी कुठे राहणार, काय करणार, सगळं त्याने ठरवलेलं. मला त्याने काही विचारलंच नाही. मी म्हटलं, मी येणार नाही. तर त्यावरही दहा मिनिटं बोलला."

सगळं अंग हलकं झालं आणि त्याच वेळी कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं वाटलं. विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस.

"वाट बघत होते. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. पहिलं वर्ष राग होता. मग तुम्ही रोज सकाळी चहा करून द्यायला लागलात, आवाज चढवायचा नाही, माझ्या माहेरच्यांची उठबस करायची, म्हटलं चाललंय ते काय वाईट आहे. पुढे पुढे विसरलेही असते. पण तुम्ही निवृत्त झालात आणि तरी पुस्तकांच्या पाठी उचकटायला इथे येत राहिलात. ते बघवेना मला."

"म्हणजे कादंबरी तू..."

"तीन महिने शोधत होते अशी."

मी हसलो, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. आता तिचा आवाज बदललेला होता. "तुम्हाला काय वाटलं? एका कागदावर माझं सगळं ठरलं? तो मिळाला असता तर त्याची झाले असते, नाही मिळाला म्हणून तुमची झाले? पस्तीस वर्षं तुम्ही हेच धरून चाललात. पत्र चोरल्याचं मला काही नाही वाटत. याचं वाटतं."

मी बोटांवरची खळ खरवडत बसलो.

"आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत," ती म्हणाली. "भावाला पाठवलंत माझ्या वडिलांकडे. वडिलांनी मला सांगितलं, भावाने तुम्हाला. तो काय आणि तुम्ही काय, दोघांपैकी एकाने तरी मला समोर उभं करून विचारायचं होतं."

तळघरात आम्ही दोघंच होतो. मी स्टुलावरून उठलो. हात खळीने भरलेले, ते मागे लपवले. वय बासष्ट. मी म्हटलं, "माझ्याशी लग्न करशील का?"

तिने पिशवी खांद्याला लावली. "सांगते," म्हणाली. "घाई नाही ना?" आणि जिना चढून गेली.

रविवार, ५ ऑक्टोबर

चौथा दिवस. अजून काही बोललेली नाही.

काल मंडळात चौथा गठ्ठा तिच्या हातात होता. पोस्टमास्तर म्हणाले, कमाल आहे, डागसुद्धा राहिला नाही. ती म्हणाली, यांचा हात चांगला आहे. तेवढ्यावरून मी रात्रभर आशेवर होतो. सकाळी मी दूध कमी आणलं म्हणून तिने मला सुनावलं, तेव्हा पुन्हा धीर खचला. नाही म्हणाली तर काय करायचं याचा मी विचार केलेला नाही. नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, हे आता कुठे माझ्या डोक्यात शिरतंय, आणि त्याने माझी पाचावर धारण बसली आहे.

आंघोळ करून दाढी केली. चांगला शर्ट काढला, भांग पाडला, आरशासमोर जरा जास्तच रेंगाळलो. बाहेर आलो तर ती वाचत बसलेली. तिने गठ्ठ्यावरून मान वर करून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आज रविवार. कुठे निघालात?"

"कुठे नाही," मी म्हटलं आणि तिच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो.